नऊ मापाचे बूट

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतो. उजनीच्या पाण्याकाठी केळी करणारा माणूस, पाच हॉर्सची जुनी मोटर घ्यायला दुकानात आलेला. तासभर तो भाव खाली ओढत होता, मी वर धरून होतो. दोघांचेही आवाज चढले होते आणि खरं सांगायचं तर दोघांनाही मजा येत होती. तेवढ्यात भाच्याचा, सतीशचा, फोन वाजला. "मामा, आप्पा गेले. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि..." मी फोन खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणालो, "ने. तू म्हणतोस त्या भावात ने." त्यानं माझ्याकडे बघितलं, मोटरकडे बघितलं, तिच्याभोवती एक चक्कर मारली. "एकदम कसं काय उतरलासा, शेठ? आतनं जळलीया का काय?" आणि मोटर न घेताच तो निघून गेला.

याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानात बसलो की घरी जावंसं वाटतं, घरी गेलो की दुकानात. तेराव्याला मांडवात चार लोक बोलायला उभे राहिले. शांत माणूस, शिस्तीचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात... मी ऐकत होतो आणि खुर्चीत चुळबुळत होतो. हा माणूस किती हेकट होता, हे कुणीच बोललं नाही. ते मी बोलायला हवं होतं, कारण त्या हेकटपणाचा सगळ्यात मोठा फटका मला बसला. निदान पन्नास वर्षं मी तसं धरून चाललो. मांडवात बोलायला उठलो असतो तर अक्काला वाईट वाटलं असतं, म्हणून इथे लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. पायदळात हवालदार होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर वर्षभरात पेन्शनवर आले आणि सोलापुरातल्या एका कॉलेजात छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, स्टोअरवर लागले. कॉलेजच्या व्यायामशाळेमागे पत्र्याची एक लांबडी खोली होती, तेच त्यांचं राज्य. आत बूट, पट्टे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं रांगेत. बुटाचं पॉलिश, कॅनव्हास आणि डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास तिथे यायचा. तो वास त्यांच्या शर्टालाही असायचा, जेवायला शेजारी बसलं तरी यायचा.

माझं घर मोडनिंबला. वडिलांची हायवेवर चहाची टपरी. पुण्याकडून सैन्याच्या गाड्यांची रांग यायची आणि कधी कधी आमच्यासमोर थांबायची. एकदा जीपमधून एक पोरसवदा अधिकारी उतरला. ओठावर मिशी नीट फुटलेली नव्हती. त्याच्या मागून उतरला पांढऱ्या मिशांचा, माझ्या बापाच्या वयाचा सुभेदार, आणि त्यानं त्या पोराला टाचा जुळवून असा सॅल्यूट ठोकला की माझ्या हातातली किटली कलंडली. त्या दिवशी मी ठरवलं, सैन्यात जायचं तर सॅल्यूट घेणाऱ्याच्या बाजूनं. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, झालो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. गावातली माझ्या वयाची पोरं भरतीला छाती मोजायला जात होती. मी दाजींना सांगितलं, मला भरती नको, अधिकारी व्हायचंय.

दाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वर्सं थांबशील?" मी म्हटलं, लागतील तेवढी. मग त्यांनी सगळं समजावलं. कॉलेजात छात्रसेनेची तीन वर्षं सलग करायची, शेवटचं सर्टिफिकेट घ्यायचं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या निवडीला जायचा रस्ता सोपा होतो. "पर कालिज नीट बगून घ्यायचं. चुकीच्या कालिजात तीन वर्सं कवायत केलीस तर लग्नाच्या वरातीत बी उपेग हुनार न्हाय." त्या दिवसापासून ते मला लेफ्टनंट म्हणायला लागले. "काय लेफ्टनंट, च्या घेनार का?" अक्का लाजायची, मी फुलायचो.

कॉलेज बघायला आम्ही दोघं त्यांच्या सायकलवर गेलो. मी पहिल्यापासून भाव करणारा. दाजींना न सांगता शहरातल्या एका दगडी इमारतीच्या कॉलेजात मी आधीच जाऊन आलो होतो. मी खो-खो बरा खेळायचो. तिथल्या क्रीडाशिक्षकाशी बोलून बोलून मी फी माफ करून घेतली होती आणि वर वसतिगृहातलं दोन वेळचं जेवणही. सतरा वर्षांच्या पोरानं केलेला हा सौदा दाजींना दाखवायची मला घाई झाली होती. इमारत त्यांनी एकदा नजरेखालून घातली. शिपायाला म्हणाले, "छात्रसेनेची खोली उघडा, बूट बगायचेत." शिपाई चक्रावला. किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. कुलूप गंजलं होतं, ते शेवटी दगडानं उघडलं. आत एका टोपीत उंदरानं पिल्लं घातली होती. दाजींनी एक बूट उचलून वाकवला, तर चामडं पापडासारखं मोडलं. त्यांनी तो तसाच हलक्या हातानं जागेवर ठेवला, जणू कुणी आजारी माणूस आहे.

बाहेर आल्यावर म्हणाले, "इलास, हितं जेवान फुकट हाय, पर परेड कागदावर हाय. कालिज वळखायचं तर हापिसात जायचं न्हाय, बूट बगायचं. बुटाला वापर न्हाय तितं पोरगं उन्हात उभं ऱ्हात न्हाय."

मी भांडलो. जेवण काय कमी गोष्ट आहे का? टपरीवरच्या पोराला दोन वेळचं ताट म्हणजे काय, हे तुम्हाला काय कळणार, असंही बोललो. ते सायकल हातात धरून चालत राहिले. "आमच्या घरी जेव. तुजी भन वाडती की." एवढंच. आणि मी त्यांच्या कॉलेजात नाव घातलं. माझा पहिला सौदा त्यांनी असा मोडला. तो राग तेव्हाच बसला होता, पुढचं त्यावर चढत गेलं.

स्टोअरवर बूट वाटप झालं तेव्हा मला वाटलं, घरचा माणूस आहे, चांगला जोड आधी मलाच मिळेल. दाजींनी मला रांगेत शेवटी उभं केलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या पायाकडे एकदा बघितलं, मागच्या फळीवरून एक जोड काढला आणि समोर ठेवला. माप नऊ. माझा पाय आठचा. मी म्हटलं, "दाजी, ह्यो ढिला हुतोय." ते म्हणाले, "हेच घे." मी म्हटलं, "पर आठचं तितं दिसत्यात की." ते म्हणाले, "फुडं चला." फुडं चला! जसा मी कुणी परका. मागे उभी असलेली पोरं हसली. त्या प्रत्येक जोडावर दाजींची खूण असायची. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला तापलेल्या खिळ्यानं डागलेला आकडा. वहीत नावापुढे तोच आकडा. माझा एक्केचाळीस.

दोन महिने मी बुटात कापडाच्या चिंध्या कोंबून कवायत केली. टाच मारली की पाय एकीकडे, बूट दुसरीकडे. मग मला युक्ती सुचली. जुन्या बाजारात एक म्हातारा सैन्याचा जुना माल विकायचा. त्याच्याकडे तसेच बूट होते, माप आठ, चकाकी माझ्या जोडाहून जास्त. रविवारची सबंध सकाळ मी त्याच्याशी भाव केला आणि शेवटी जोडाला जोड अशी अदलाबदल केली, वर एक पितळी बकल फुकट. घरी येताना मी अक्षरशः उड्या मारत होतो. सरकारचा ढिला, घासलेला बूट गेला आणि तसाच पण चांगला बूट आला. यात कुणाचं काय नुकसान? ही माझी धंद्यातली पहिली खरेदी. आजही हिशेबाच्या दृष्टीनं मला त्यात खोट दिसत नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा एका पोरानं मला पुण्यापलीकडच्या एका कॉलेजचं माहितीपत्रक दाखवलं. त्यात छात्रसेनेची पोरं घोड्यावर बसलेली. घोड्यावर! मला टपरीसमोरची जीप आठवली आणि वाटलं, हे तर त्याहून वरचं. मी पत्र टाकलं, माझे मार्क, माझा खो-खो, माझी कवायत, सगळं कळवलं. उत्तर आलं. दुसऱ्या वर्षाला जागा देतो, छात्रसेनेचं पहिलं वर्षही धरतो, फक्त जुन्या कॉलेजचा दाखला शनिवारपर्यंत हातात हवा. दाखल्यासाठी सगळं सामान जमा झालं पाहिजे आणि ते झालं अशी स्टोअरची सही पाहिजे. म्हणजे दाजींची.

गुरुवारी मी सामान घेऊन गेलो. पट्टा, टोपी, बाटली, गणवेश... दाजी एक एक घेत होते, वहीत बरोबरची खूण करत होते. माहितीपत्रक मी त्यांना आदल्या दिवशीच दाखवलं होतं. "घोडं ब्येस हाय," एवढंच ते म्हणाले होते. शेवटी बूट आले. त्यांनी जीभ उलटी केली. दुसऱ्या बुटाची उलटी केली. मग खिडकीच्या उजेडात नेऊन बघितली.

"इलास, बूट त्यो न्हाय."

मी सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, उलट जरा ऐटीतच सांगितलं. "सरकारचा फायदाच झाला की दाजी! ह्यो नवा हाय."

"सरकारला तुजा फायदा नगं. त्येचा बूट पायजे."

"किंमत भरतो."

"एक्केचाळीस आन, सही घे."

मी हात जोडले, मग आवाज चढवला. म्हटलं, साठ जोडात एक जोड, कोण बघायला येणार आहे? ते म्हणाले, "मी बगतो की रोज." त्या संध्याकाळी अक्का त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढलं आणि आत जाऊन बसली. दाजींनी जेवण केलं, स्वतःचं ताट घासून ठेवलं.

शुक्रवारी सकाळीच मी जुन्या बाजारात त्या म्हाताऱ्याला गाठलं. त्यानं तो जोड होटगीच्या एका रेल्वे गँगमनला विकला होता. मिळेल ती गाडी धरून होटगी गाठली. जंक्शनच्या पलीकडे रुळावर टोळी कामाला होती आणि त्यातल्या एका दांडग्या माणसाच्या पायात माझा एक्केचाळीस होता. मी लांबूनच ओळखला. इथे माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. मी धावत गेलो. धावत येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वस्त कोण देतो? माझी गरज त्याला माझ्या आधी पोचली. मी आठचा जोड पुढे केला तर त्याचा पाय त्यात जाईना. पैसे म्हटले तर त्यानं दुप्पट सांगितले, मी कबूल झालो तर तिप्पट. "पायातनं काडून द्यू, मग मी खडीवरनं अनवानी चालू व्हय?" त्याची टोळी फावडी टेकून मजा बघत होती. आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "सरकारी माल हाय त्यो, चोरीचा! पोलिसात देतो तुला!"

तो शांतपणे म्हणाला, "चल की. इकला कुनी, ते बी सांगू." सगळी टोळी खो खो हसली. "होगो," तो कानडीत म्हणाला, म्हणजे चालता हो. मी हातातला आठचा जोड रुळावर भिरकावला आणि तसाच परत फिरलो.

स्टोअरच्या दारात उभा राहून मी दाजींना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. होटगीच्या गँगमनच्या पायात आहे तुमचा एक्केचाळीस, जावा आणि चाटत बसा, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. हवालदाराला मेव्हणा अधिकारी झालेला बघवत नाही, असंही बोललो. ते म्हणाले, "घोडं न्हाय तर न्हाय. हितं ऱ्हा. दोन वर्सं ऱ्हायली." मी ओळखपत्र फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं आणि मोडनिंबची एसटी धरली. परत कॉलेजात पाऊल टाकलं नाही. त्यांच्या घरीही पुढची सात-आठ वर्षं नाही.

त्यानंतरचं माझं सगळं मी स्वतः केलं आहे. जुन्या बाजारात त्याच म्हाताऱ्याशेजारी गोणपाट टाकून बसलो, मग जुने पंप, मग मोटरी, मग दुकान. माझ्याशी भाव करून कुणी जिंकत नाही असं लोक म्हणतात. पण हायवेवरून सैन्याच्या गाड्या चालल्या की मी अजून पाठ फिरवतो. दाजींशी बोलणं राहिलं ते लग्नाकार्यातलं. "बरं हाय?" "बरं हाय." ते लेफ्टनंट म्हणाले नाहीत, मी कधी त्यांच्या शेजारच्या पाटावर बसलो नाही.

शेवटची भेट दोन महिन्यांपूर्वीची. ते खाटेवर होते, खाट दाराजवळ. मी उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि आत येऊन बसलो. ते माझ्याकडे न बघता त्या बुटांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "नऊ का?" मला वाटलं म्हाताऱ्याला जुनी कळ काढायची आहे. मी तुटकपणे म्हटलं, "व्हय, नऊ." ते हसले. मी चहासुद्धा न घेता उठलो...

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर मी अक्काजवळ बसलो आणि हे तिला सांगितलं. म्हटलं, जाता जाता पण टोमणा मारून गेले. अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "टोमना? आरं, तुला नऊचं दिलं ते तीन वर्सं घालायचं म्हनून. सतराव्या वर्सी पाय वाडतो. दुसऱ्या पोरांस्नी वरसाला बदलून द्यायचे, तुला म्हनले एकच जोड शेवटपतूर पुरंल असा काडलाय मी, फळीवरचा सगळ्यात चांगला. चिंध्या घालशील एक वरीस, म्हनले, मग बसंल."

"मग सांगायचं की! सांगायला काय झालं होतं?"

"हुकमाचं कारन सांगत न्हाईत म्हनायचे. मी बी ह्येच म्हनून भांडलीया जलमभर."

मग तिनं उरलेलं सांगितलं. मी एसटी धरली त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारची परेड संपवून, दाजी होटगीला गेले होते. लढाईत घातलेले स्वतःचे बूट पेन्शनवर येताना ते रीतसर घेऊन आले होते. वर्षातून दोनदा उन्हात काढायचे, तेल लावून परत पेटीत. ते त्यांनी त्या गँगमनला दिले आणि त्याच्या पायातला एक्केचाळीस घेऊन आले. घासून, पॉलिश करून फळीवर ठेवला. सोमवारी अक्का तेच सांगायला मोडनिंबला आली होती. मला आठवतं. मी तिला एसटीतून उतरताना बघितलं आणि टपरीच्या मागून रानात निघून गेलो. परतीची गाडी जाईपर्यंत तिथेच बसलो. मला वाटलं, समजूत घालायला आली.

"दोन वर्सं त्यो जोड फळीवर व्हता," अक्का म्हणाली. "दुसऱ्या कुनाला दिला न्हाय. पोरं मागायची. म्हनायचे, त्येचा मानूस येनार हाय."

"मला का नाही सांगितलं मग? पन्नास वर्षं?"

"तू दारात उभं करत व्हतास व्हय? आन मागनं लगीनकार्यात ह्यो विषय काडला की तू उठून जायचास."

मी उठलो. अंगणात फेऱ्या मारल्या. सतीश पाणी घेऊन आला, त्याच्यावरच ओरडलो. मला हे मान्य नाही. आजही नाही. गुरुवारी एक सही केली असती तर शनिवारी मी घोड्याच्या कॉलेजात असतो, हे खरं ते खरंच. माणूस मेला म्हणून बरोबर ठरत नाही. आणि ते दोन वर्षं थांबले, मी एक दिवस थांबलो नाही, हेही खरंच आहे. ही दोन्ही एका पारड्यात घातली की काटा कुठेच थांबत नाही.

परवा तो केळीवाला परत आला. बाकी दुकानं फिरून आला असणार. म्हणाला, "हाय का ती मोटर?" आम्ही पहिल्यापासून पुन्हा भाव केला आणि मधे कुठेतरी जमलं. गाडीत चढवण्याआधी मी मोटर आडवी केली, पंच आणि हातोडी घेतली आणि बैठकीच्या आतल्या बाजूला, वरून दिसणार नाही अशा जागी, आकडा ठोकायला लागलो. माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक मोटरवर तो असतो. वहीत नावापुढे तोच आकडा. पस्तीस-चाळीस वर्षांची सवय. कुणाची उचलली, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

"ह्ये कशाला वो, शेठ?" त्यानं विचारलं.

एरवी मी काहीच सांगत नाही. त्या दिवशी हातोडी हातात धरून मी सांगत बसलो. बुटांची फळी, एक्केचाळीस, होटगी, सगळं. तो मोटरवर बूड टेकून ऐकत होता. शेवटी त्यानं मान हलवली. "समदं खरं, शेठ. पर एक सही करायला काय झालं व्हतं त्येस्नी?"

पन्नास वर्षं हा प्रश्न मी विचारत आलो. आणि माझ्याच तोंडातून निघालं, "बूट त्यो नव्हता."

मग मी आकड्याचा राहिलेला ठोका मारला.